वरच्या वर्गाचं जर्नल

ऐंशीच्या दशकात बी.एस्सी.ला बायोकेमिस्ट्री घेतलेल्या आम्हा सगळ्यांचं आवडतं प्रॅक्टिकल म्हणजे लाळेतलं अमायलेज. चूळ भरून गोळा केलेली पातळ लाळ स्टार्चच्या द्रावणात घालायची आणि दर अर्ध्या मिनिटाला त्यातला थेंब चिनी मातीच्या पांढऱ्या टाइलवरच्या आयोडीनमध्ये सोडायचा. पहिला खळगा गर्द निळा, मग जांभळा, मग तांबूस, शेवटी नुसता आयोडीनचा पिवळा. एन्झाइम काम करतंय, हे त्या ओळीत डोळ्यांना दिसायचं. हाताला वळण लागलं ते तिथंच, आणि त्या तासांवर माझं आजही प्रेम आहे.

पण रीडिंग किती यायला हवं, ते वरच्या वर्गाकडून आलेल्या जर्नलात आधीच लिहिलेलं असे. वेगळं आलं की पुन्हा करायचं. ते वेगळं का आलं, हा प्रश्न सबमिशनच्या घाईत राहूनच जाई.

आता पिट्सबर्ग विद्यापीठाचे ग्रॅहम हॅटफुल आणि हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट यांचा २००८पासून अमेरिकेत चालणारा अभ्यासक्रम बघा. पदवीची नवखी मुलं स्वतः माती उकरून आणतात आणि तिच्यातून जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे फाज, शोधतात. जिवाणूंच्या दाट थरात स्वच्छ ठिपके पडले की त्यातला एक उचलून शुद्ध करायचा, डीएनए काढायचा, जेलवर पट्टे पाहायचे. फाजचं नाव मुलांनीच ठेवायचं. उत्तर शिक्षकांकडेही नसतं!

हॅटफुल यांच्या संग्रहातला ‘मडी’ नावाचा फाज २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत, डर्बनच्या एका विद्यार्थिनीला सडक्या वांग्याच्या खालच्या अंगाला सापडला. फुप्फुसारोपणानंतर कोणत्याच अँटिबायोटिकला न जुमानणारा संसर्ग झालेल्या १५ वर्षांच्या मुलीला लंडनच्या रुग्णालयात २०१८ मध्ये तीन फाजांचं मिश्रण दिलं गेलं. त्यातला एक मडी. तिची प्रकृती सुधारली. विद्यार्थ्याच्या हातून निघालेली गोष्ट अशी कुणाच्या तरी शिरेपर्यंत पोचते, हे वाचताना मला आजच्या मुलांचा खरंच हेवा वाटतो.

आपल्याकडे चार वर्षांच्या नव्या पदवीत संशोधनाची वाट चौथ्या वर्षी उघडते, तीही यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना. मला हे उलटं वाटतं. अमायलेजची टाइल जरूर राहू द्या; पण पहिल्याच वर्षी सगळ्या मुलांना एखादा न सुटलेला प्रश्नही द्या. फाज शोधायला सुरुवातीला लागतात पेट्री डिश, आगार आणि इन्क्युबेटर. आपल्या बहुतेक मायक्रोबायोलॉजी विभागांत हे सगळं आहेच.