मुकट्याचा धागा

सौंसर-पांढुर्ण्याकडील आमच्या घरी पूजेचा मुकटा टसराचा. त्यास आम्ही सोवळे मानतो. वर्गात मात्र टसराच्या किड्याचे जीवनचक्र शिकविताना वाणी किंचित अडखळते. ऐन-अर्जुनाचा पाला खाणारी अळी चारदा कात टाकते, मग देठाने फांदीस टांगलेला टणक कोश विणते. पतंग तो भेदून निघाला, तर अखंड धागा मिळत नाही. म्हणून बहुतेक कोश आधीच उकळतात. भंडाऱ्याची करवतकाठी याच धाग्याची! बियाण्यासाठी राखलेले पतंग तेवढे बाहेर येतात, तेही काही न खाता, अंडी घालून थोड्याच दिवसांत मरतात.

"गुरुजी, मग हे सोवळे कसे?" एका विद्यार्थिनीने विचारले. फुटक्या कोशांचेही सूत कातता येते, एवढेच आम्ही सांगितले. पुढील मुकटा तसल्या सुताचा घ्यावा, असा आमचा विचार आहे. घरातून संमती यावयाची आहे.