स्टेपनीवरचा भाडेकरू

उद्यमनगरातल्या माझ्या शेडसमोर गाडी उलटी लावणारं गिऱ्हाईक काय मागणार, हे मला तो उतरायच्या आधीच कळतं. मागचं दार माझ्याकडं करून तो थांबतो, स्टेपनीवर थाप मारतो आणि म्हणतो, "मिस्त्री, हितं कायतरी बसवायचंय." हे कायतरी म्हणजे कधी फावडं, कधी सायकल, पण बहुतेक वेळा पाण्याचा वीस लिटरचा कॅन. बोलेरो असो नाहीतर थार, मागं टांगलेलं ते चाक बघून माणसाला ती रिकामी भिंतच वाटते. भिंत दिसली की खिळा मारायची आपली सवय.

गंमत अशी की स्टेपनी स्वतःच मुळात वरून जोडायची वस्तू होती. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे, तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास ती काढली. तिला आरे नव्हते, नुसती टायर चढवलेली रिंग. पंक्चर झालेल्या चाकालाच ती शिकंज्यांनी आवळायची आणि पुढं निघायचं. गल्लीचं नाव आपल्याकडं अजून रोज तोंडात आहे, ती रिंग मात्र कुणी पाहिलेली नाही.

तर काम. आधी रिमच्या भोकांचा ठसा घ्यायचा. मी भोकांच्या कडांना ग्रीस फासतो आणि मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा त्यावर दाबतो. पाच बोल्टांच्या चाकात एका भोकासमोर बरोबर दुसरं भोक येत नाही, त्यामुळं टेप आडवी धरून वर्तुळ मोजता येत नाही. शेजारशेजारच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि १.७ नं गुणायचं. ८२ मिलिमीटर आलं की वर्तुळ जवळपास १४० चं, म्हणजे जुन्या विलीज जीपपासून चालत आलेलं साडेपाच इंची. हा गुणाकार मला आमच्या वस्तादांनी भिंतीवर खडूनं लिहून दिला होता. का, ते सांगितलं नव्हतं. भूमितीचा कोन मला पुढं पोरीच्या दहावीच्या पुस्तकात सापडला.

खरी चूक इथून पुढं होते. नवशिका माणूस स्टँडच्या बुडाला सहा एमएमची लोखंडी पट्टी कापतो, भोकं पाडतो आणि चाकाच्या वरून ठेवून तेच नट आवळतो. दिसायला बेस्ट. पण चाकाच्या नटाचं तोंड निमुळतं असतं आणि रिमच्या भोकाला तसाच उतार असतो. एकात एक बसलं की चाक आपोआप मधोमध येतं आणि नट धरून राहतो. मधी सपाट पट्टी घातली की नट फक्त कडेवर टेकतो, आणि खड्ड्याखड्ड्याला सुटत जातो. म्हणून पट्टी चाकाच्या मागं घालायची. मग ती सहा एमएम आटे खाते, तेव्हा स्टड लांब घ्यायचे. हे दोनशे रुपये वाचवू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. निम्मे लोक दुसऱ्या शेडमध्ये जातात.

मी केलेला कॅनचा पहिला स्टँड अगदी भक्कम होता. अँगलची चौकट, चारही हात रिमवरून आडवे गेलेले, वेल्डिंग असं की बघत राहावं. तो माझ्याच गाडीवर होता. पावसाळ्यात करूळ घाट उतरताना रात्री मागचं चाक बसलं. मेहुणा बॅटरी धरून उभा. आधी कॅन उतरवला, मग चौकटीचे बोल्ट. गंजलेले, पाना सटकतोय. मग कुठं चाकाचे नट दिसले. स्टेपनी खाली घेतली तर ती मऊ! हवेचा व्हॉल्व्ह माझ्याच चौकटीच्या हाताखाली दबला होता. वर्षभर कुणाला हवा बघता आली नव्हती, आणि मी ती बघितलीही नव्हती. मेहुणा काही बोलला नाही. अजूनही जेवताना मधूनच हसतो.

तेव्हापासून मी वेगळं करतो. मागच्या पट्टीला मधोमध जाड पाइप, तो रिमच्या मधल्या मोठ्या भोकातून बाहेर काढायचा, आणि कॅनचा पाळणा त्या पाइपवर एका पिनेनं अडकवायचा. पिन ओढली की पाळणा हातात, नट मोकळे, चाक पाइपवरून सरकत बाहेर. व्हॉल्व्ह खालच्या अंगाला, बोट जाईल असा. वेल्डिंगचा वरचा फुगीर गोळा कानशीनं साफ केला, रेड ऑक्साइड मारलं की झालं. नटावर आणि रिमवर मिळून पोरीच्या नेलपॉलिशची एक रेघ ओढतो. रेघ तुटली की नट फिरला.

वजनाचं लोकांना पटत नाही. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, आणि तेही चाकाच्या बाहेर लोंबणार. सगळा ताण दाराच्या एका अंगाच्या बिजागरीवर. मी गिऱ्हाइकाला भरलेला कॅन हात लांब करून धरायला लावतो. दहा आकडे मोजायच्या आत खांदा बोलतो. डिझेलचा कॅन मी मागं बसवतच नाही, कितीही पैसे द्या. मागून कुणी ठोकलं तर?

परवा भुदरगडचा एक शेतकरी काजूच्या रोपांना पाणी न्यायला स्टँड करून घेऊन गेला. पैसे घ्यायच्या आधी माझी अट असते: इथंच, एकट्यानं, स्टेपनी काढून दाखवायची. गड्यानं पाळणा एका दमात उचलून बाजूला ठेवला, सात मिनिटांत चाक जमिनीवर. काळे हात धुवायला त्यानं कॅनचं झाकण फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. कॅन रिकामा होता.

"भरून आण," मी म्हणालो, "आन् परत एकदा."