'जसं होतं तसं' म्हणजे कधीसारखं?

जुनी वास्तू 'जशी होती तशी' जपावी, असं आपण सगळेच म्हणतो. पण कधी होती तशी? हा प्रश्न डोक्यात आला की मला लॅकॉक ॲबी आठवते.

इंग्लंडमधल्या विल्टशरमधलं हे घर. हॅरी पॉटरचा पहिला सिनेमा (२००१) पाहिला असेल तर यातला थोडा भाग तुम्ही पाहिलाय. हॉगवर्ट्सचे काही कमानदार व्हरांडे इथलेच.

सुरुवातीला हे घर नव्हतंच, जोगिणींचा मठ होता. सॅलिस्बरीची काउंटेस एला हिने नवरा गेल्यावर १२३२ मध्ये तो बांधायला घेतला आणि पुढे स्वतःच त्याची प्रमुख झाली. तीनशे वर्षं बरी गेली. मग आठव्या हेन्रीने देशभरातले मठ बंद केले, १५३९ मध्ये लॅकॉकचाही नंबर लागला आणि विल्यम शॅरिंग्टनने तो विकत घेतला. (हा गडी पुढे ब्रिस्टलच्या टांकसाळीत घोटाळा करताना पकडला गेला आणि माफी मिळवून सुटलाही!)

शॅरिंग्टनने चर्च पाडलं, पण त्याची उत्तरेकडची भिंत ठेवली. तीच आज घराची दक्षिण बाजू. मठाचे व्हरांडे खाली तसेच राहू दिले, वरच्या मजल्यावर राहायची सोय केली आणि कोपऱ्यात एक अष्टकोनी मनोरा चढवला. थोडक्यात काय, जे चालतंय त्याला हात लावला नाही. आमच्या धंद्यात याला शहाणपण म्हणतात.

दोनशे वर्षांनी, १७५० च्या दशकात, जॉन आयव्हरी टॅलबटला दिवाणखाना गॉथिक धाटणीचा हवासा वाटला. सँडरसन मिलरने तो करून दिला. म्हणजे खरंखुरं मध्ययुगीन चर्च पाडलेल्या घरात मध्ययुगाची हौशी नक्कल!

मग १८२७ मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट इथे राहायला आला. त्याने दक्षिणेकडची गॅलरी बदलून घेतली, बाहेर झुकलेल्या नव्या खिडक्या काढल्या. ऑगस्ट १८३५ मध्ये एका लाकडी डबीत रसायन लावलेला कागद ठेवून त्याने त्यातल्याच एका खिडकीचं चित्र घेतलं. आकाराने पोस्टाच्या तिकिटाएवढं. भिंग लावून दोनशेच्या आसपास काचा मोजता येत होत्या, अशी नोंदही करून ठेवली. जगातली आज उपलब्ध असलेली सगळ्यात जुनी फोटो निगेटिव्ह ती हीच.

आता सांगा, 'मूळ रूप' आणायचं म्हणून ती खिडकी बुजवायची? १९व्या शतकात इंग्लंडात असले प्रकार सर्रास चालत. जुन्या चर्चमधली नंतरची भर खरवडून 'शुद्ध' मध्ययुग उभं करायचं. त्याविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये संस्थाच काढली. जुनं दुरुस्त करा, पण मधली शतकं पुसू नका, हे तिचं म्हणणं.

मला ते पटतं. पण मग दुसरा प्रश्न येतो. १९४४ मध्ये टॅलबट घराण्याने घर नॅशनल ट्रस्टला दिलं. जतनाचे कायदे आता कडक आहेत आणि ते हवेतच, नाहीतर एखादा शॅरिंग्टन उरलंसुरलंही पाडेल. पण मठाच्या जुन्या भिंतीत खिडकी काढतो म्हणून फॉक्स टॅलबट आज अर्ज घेऊन आला, तर त्याला परवानगी मिळेल?

मला नाही वाटत. आणि 'नाही' म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला चूक म्हणणंही मला जमत नाही.