रोवणीच्या दिवसांतली अधिसूचना

जगाच्या व्यापारावर बोलायला भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीत कुणी अर्थशास्त्राची पदवी विचारत नाही. महामार्गाच्या कडेला चहाच्या टपरीवर सकाळी पेपर येतो. अमेरिकेनं किती शुल्क लावलं, चीननं खत अडवलं का, यावर धान पिकवणारे, राईस मिलवर पोती उचलणारे आणि कॉलेजात जाणारी पोरं मोकळेपणानं बोलतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी 25 टक्के शुल्क लावलं, आणि 27 तारखेपासून ते 50 टक्क्यांवर नेलं. स्मार्टफोन मात्र त्यातून वगळलेले होते. ती बातमी वाचून झाल्यावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला विचारलं, "फोन सुटला म्हनते, मंग तांदूळ काऊन नाही सुटला जी?"

अमेरिकेत आपला मुख्यतः बासमती जातो, आपल्या बांधीतला धान तिकडे फारसा जात नाही, असं उत्तर मी दिलं. उत्तर बरोबर होतं, पण प्रश्न त्याहून मोठा होता. कुणाचा माल सुटतो आणि कुणाचा अडकतो, हे कसं ठरतं, असं त्यांना विचारायचं होतं. त्याचं उत्तर शोधायला अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही. 2023 च्या पावसाळ्यातल्या आपल्याच सरकारच्या दोन अधिसूचना शेजारी ठेवल्या तरी पुरतं.

पहिली 20 जुलैची. बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली, तीही तात्काळ लागू. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे 40 टक्के, त्यामुळे बातमी जगभर गेली. अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानांत तांदळाच्या पिशव्यांसाठी झुंबड उडाली, आणि ते व्हिडिओ आपण इथे बसून पाहिले. त्या दिवसांत भंडारा जिल्ह्यात काय चाललेलं असतं? रोवणी. पऱ्हे उपटून चिखलात रोवले जात असतात, बायाबापड्या दिवसभर पाण्यात वाकलेल्या असतात. कोणतं बियाणं घ्यायचं, बारीक की ठोकळ, हलकं की भारी, हा निर्णय दीड-दोन महिने आधी झालेला असतो. नांगरणी, खत, मजुरी यांचा पैसा मातीत गेलेला असतो. बाजाराचा एक दरवाजा बंद झाल्याचं त्यानंतर कळतं.

दुसरी अधिसूचना बरोबर 14 दिवसांनी, 3 ऑगस्टला आली. परदेशी व्यापाराचं तेच महासंचालनालय, आणि तोच "तात्काळ" शब्द. लॅपटॉप, टॅबलेट, संगणक बाहेरून आणायचे तर आता परवाना लागणार होता. मोठ्या कंपन्यांचा माल अडकला आणि उद्योगात एकच खळबळ उडाली. दुसऱ्याच दिवशी, 4 ऑगस्टला, सरकारनं अंमलबजावणी पुढे ढकलली आणि 31 ऑक्टोबरपर्यंत मुभा दिली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींनी दिल्लीत हा विषय काढला. ऑक्टोबरमध्ये परवान्याची कडक अट जाऊन नोंदणीवर चालणारी सौम्य व्यवस्था आली.

लॅपटॉपवाल्यांचं ऐकलं ते योग्यच केलं, असं मी म्हणेन. बोटीवर चढलेला माल बंदरात अडवणं अन्यायाचं होतं. पण बांधीत रोवलेला पऱ्हाही बोटीवर चढलेल्या मालासारखाच असतो, त्याला परत फिरवता येत नाही. एकाला एका दिवसात मुदत मिळाली. दुसऱ्यावरची बंदी 28 सप्टेंबर 2024 पर्यंत, 14 महिन्यांहून जास्त राहिली, आणि उठली तेव्हाही टनामागे 490 डॉलरची किमान किंमत लागू झाली. ती अट ऑक्टोबरमध्ये गेली.

सरकारची बाजूही खरी आहे. तांदळाचे भाव वर्षभरात 11.5 टक्क्यांनी चढले, असं तेव्हा सरकारनं सांगितलं होतं. एल निनोची भीती होती. रोजमजुरी करणारं कुटुंब लाखनीतही आहे, त्याच्या ताटातला भात महाग होऊन चालणार नाही. आपला पुष्कळ धान आधारभूत केंद्रावर जातो, त्या हंगामात साधारण धानाला क्विंटलला 2183 रुपये ठरले होते, त्यामुळे बंदीचा सगळा घाव शेतकऱ्यावर पडला असंही कुणी म्हणू नये. पण केंद्रावर बारदाना नसतो, खरेदीची मर्यादा संपते, चुकारे महिनोन्महिने रखडतात. ज्याच्या घरी लग्न आहे, दवाखाना आहे, ज्याला सोसायटीचं कर्ज फेडायचं आहे, तो थांबू शकत नाही. तो व्यापाऱ्याला देतो. बंदीचा घाव त्याच्यावर पडतो, आणि तोच सर्वांत लहान शेतकरी असतो.

2023 च्या त्याच ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, तेव्हा लासलगावचे लिलाव बंद पडले आणि केंद्र सरकारला 2410 रुपये क्विंटल भावानं 2 लाख टन कांदा घेण्याची घोषणा करावी लागली. लढाई तिथे संपली नाही, डिसेंबरात पूर्ण निर्यातबंदी आलीच. तरी कांद्याचा आवाज दिल्लीला ऐकू तरी गेला. आपला धान गावोगावच्या केंद्रांवर विखुरलेला. बंद पाडता येईल अशी त्याची एक बाजारपेठ नाही. दोन एकरवाल्याचा वकील नाही, दूतावास नाही.

तंत्रज्ञान आणि व्यापारधोरण या गोष्टी आपल्या दारात आल्याच नाहीत असंही नाही. याच महामार्गालगत मुंडीपार आहे. 2013 च्या मे महिन्यात तिथे भेल या सरकारी कंपनीच्या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं, तेव्हा प्रफुल्ल पटेल केंद्रात अवजड उद्योगमंत्री होते. सौरऊर्जेची उपकरणं इथे बनतील, पोरांना नोकऱ्या लागतील, असं सगळ्यांनी ऐकलं. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. पुढच्या वर्षांत चीनच्या स्वस्त सौरपटलांनी बाजार भरला. त्यांना आवर घालायला 2018 मध्ये सरकारनं शुल्क लावलं, आणि 1 एप्रिल 2022 पासून पटलांवर 40 व सेलवर 25 टक्के सीमाशुल्क आलं. देशी कारखान्यांना संरक्षण मिळालं. मुंडीपारला संरक्षण द्यावं असा कारखाना उभाच राहिला नव्हता. प्रकल्प सुरू करा, नाहीतर जमिनी परत द्या, ही मागणी वर्षानुवर्षं होत आली आहे, आणि ती शंभर टक्के रास्त आहे. आज शेतात सौरपंप बसतात तेव्हा त्यांचं पटल दुसरीकडून येतं.

म्हणून टपरीवरच्या मतांना मी रिकामटेकड्या गप्पा मानत नाही. आयातशुल्क आणि निर्यातबंदी यांचे परिणाम आपल्या सातबाऱ्यापर्यंत पोचतात, तर त्यावर बोलण्याचा हक्कही सातबाऱ्याला आहे. तो वापरला मात्र पाहिजे. परदेशी व्यापाराच्या अधिसूचनांवर उद्योगाच्या संघटना त्याच संध्याकाळी पत्रं धाडतात. आपण पेपर घडी घालून ठेवतो आणि शेताकडे निघतो.

वाचकांना माझी विनंती एवढीच. ग्रामसभेत एक ठराव घ्या आणि तो आपल्या खासदाराकडे व केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाकडे लेखी पाठवा. तांदळाच्या निर्यातीवर निर्बंध घालायचे असतील तर ते बियाणं घेण्याआधी, मे महिन्यात जाहीर करावेत. हंगामाच्या मध्येच घालावे लागले तर लॅपटॉपला दिली तशी मुदत द्यावी, आणि अधिसूचना त्याच दिवशी मराठीत काढावी. येत्या खरिपाच्या आधीच्या ग्रामसभेत हा विषय मांडा.