फ्री की लॉक?

‘अपग्रेड’ हा आपल्या पिढीचा लाडका शब्द. मोबाइल, लॅपटॉप, फ्लॅट, जमलंच तर नातंसुद्धा... चांगली चालू असलेली गोष्ट बदलायची आणि तिला अपग्रेड म्हणायचं, म्हणजे खर्चाचं गिल्ट येत नाही! माझ्या पुण्यातल्या मित्रमंडळींत एक फोर बाय फोर गँग आहे. सोमवार ते शुक्रवार आयटी, शनिवार-रविवार चिखल. त्यांच्यात म्युझिक सिस्टिमनंतर सर्वाधिक वाद कशावर होत असतील, तर लॉकिंग हब्जवर. कंपनीने दिलेले ऑटोमॅटिक ठेवायचे, की काढून मॅन्युअल बसवायचे? हा वाद मी कॉफीबरोबर कितीदा तरी ऐकलाय आणि दर वेळी निमूटपणे स्वतःच्या मोबाइलमध्ये डोकं घातलंय.

पण गेल्या पावसाळ्यात हाच प्रश्न काष्टीहून आला. फोनवर मामा. “अगं, तुझ्या त्या गाड्यावाल्या दोस्तांना विचार की, हब बदलू का राहू देऊ?”

काष्टी म्हणजे श्रीगोंदा तालुक्यातलं, दौंड-नगर रस्त्यावरचं गाव. शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे नाव ऐकलेलं असेल. (नगरचं २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण मामांच्या तोंडी अजून नगरच आहे.) मामांची वस्ती डांबरी रस्त्यापासून चांगली दोन किलोमीटर आत. मधली वाट काळ्या मातीची. ही माती कोरडी असली की दगड आणि भिजली की लोणी! आमच्याकडे मृग बऱ्याचदा नावालाच येतो, खरा दणका हस्ताचा. शिवाय चिखलाला पाऊसच लागतो असं नाही. घोडच्या कालव्याचं आवर्तन सुटलं, कुणी उसाला पाणी दिलं आणि पाट फुटला, की एप्रिलमध्येसुद्धा वाटेचा राडा होतो.

आणि या वाटेवरून रोज पहाटे पाच वाजता दुधाचे कॅन बाहेर निघतात. मामांच्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमधून. गाडी अडकली की दूध अडकलं. दूध काही मीटिंग पोस्टपोन केल्यासारखं थांबत नाही.

हब म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट कळलं. तुम्हाला माहीत असेल तर पुढचा पॅरा सोडून द्या.

पुढच्या चाकाच्या मधोमध जी चकती दिसते, ती हब. ती ‘लॉक’ असली की चाक आणि आतला एक्सल-शाफ्ट एकमेकांना जोडले जातात. ‘फ्री’ असली की चाक आपलं आपलं फिरतं आणि शाफ्ट, डिफरन्शिअल, प्रॉपेलर सगळे आराम करतात. डांबरी रस्त्यावर पुढच्या एक्सलला उगाच फिरवण्यात अर्थ नसतो. थोडं डिझेल जातं, पार्ट झिजतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ही सोय नव्हती, चाक आणि शाफ्ट कायम जोडलेले. युद्धानंतर त्या जीपा लोकांच्या घरी आल्या, रोज रस्त्यावर पळायला लागल्या, तेव्हा अमेरिकेत आर्थर वॉर्नने १९४८ मध्ये कंपनी काढून त्यांच्यासाठी लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. म्हणजे मूळचे हब हाताने फिरवायचेच. ऑटोमॅटिकचे लाड नंतरचे. नगर पडलं रणगाड्यांचं आणि लष्करी गाड्यांच्या टेस्टिंगचं गाव, त्यामुळे मिलिटरीच्या जुन्या जीपांचं आमच्याकडे कुणालाच अप्रूप नाही. मामांचं म्हणणं, “त्या जीपला ही भानगडच नव्हती. कायम लागलेलंच!”

मामांच्या पिकअपचे हब व्हॅक्यूमवर चालणारे. लिव्हर फोर-व्हीलवर टाकला, की इंजिनवरच्या पंपाचा व्हॅक्यूम बारीक रबरी पाइपांतून चाकापर्यंत जातो आणि आतली रिंग ओढून हब लॉक करतो. ड्रायव्हरने सीटवरून हलायचंसुद्धा नाही. आयडिया सॉलिड आहे. पण दहा-बारा पावसाळे चिखल खाल्लेला रबरी पाइप आणि सील यांच्यावर ती उभी आहे, हे विसरायचं नाही.

झालं असं, की दोनदा गाडी पाटाजवळ रुतली. डॅशबोर्डवर फोर-व्हीलचा दिवा छान पेटलेला, मागची चाकं जागेवर गरगरतायत, पुढची ढिम्म. शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरने ओढून काढली. एकदा दूध नासलं.

मी शनिवारी गेले तेव्हा मिस्त्री आलाच होता. त्याने पुढची दोन्ही चाकं जॅकवर घेतली, इंजिन चालू करून लिव्हर टाकला आणि चाकं एकेक करून हाताने फिरवली. डाव्या चाकाबरोबर शाफ्ट फिरला. उजवं चाक एकटंच फिरलं. पाइप चिरलेला होता. “मग निम्मी तरी ओढ मिळायला पाहिजे ना?” मी विचारलं. तो हसला. साधं डिफरन्शिअल जोर पाठवतं जिकडे सोपं जाईल तिकडे. उजवा हब सुटा, म्हणजे त्या बाजूचा शाफ्ट मोकळाच. पुढचा सगळा जोर तिकडे वाया. एक हब लागणं म्हणजे एकही न लागणं! आणि तो दिवा? तो फक्त लिव्हर पडला एवढंच सांगतो. हबचं त्याला काही ठाऊक नसतं.

आता दोन रस्ते. पाइप आणि सील बदलायचं, काम स्वस्तात. किंवा मॅन्युअल हबची जोडी, मजुरीसकट दुधाचे दोन पगार. (आमच्याकडे दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पैशाला पगारच म्हणतात.) मामा पाइपच्या बाजूने. त्यांचा मुद्दा पैशाचा नव्हता. गाडी आता ते चालवतच नाहीत, गुडघे गेलेत. मामेभाऊ चाकणला शिफ्टमध्ये. पहाटेची गाडी वहिनी चालवते. “अंधारात, चिखलात, त्या पोरीने दोन्हीकडं उतरून चकत्या फिरवत बसायचं का?”

पुण्यातल्या गँगमध्ये हा मुद्दा कधी निघालाच नव्हता, कारण तिथे उतरायला चार मित्र असतात आणि पाचवा शूटिंग करतो.

वहिनीला मात्र कुणी विचारलं नव्हतं. ती धारा काढून आली, हात पुसत म्हणाली, “मामंजी, रुतल्यावर मी उतरतेच की. ट्रॅक्टरवाल्याला उठवायला चालत जाते. त्यापेक्षा चाकापाशी उतरलेलं काय वाईट? निदान लागलं का नाही ते डोळ्याला दिसंल.”

माझं मत विचाराल तर शंभर टक्के वहिनीबरोबर. आज एक पाइप बदलला तरी दुसरा तेवढाच जुना आहे, आणि तो गेल्याचं कळणार रुतल्यावरच. शहरात, कोरड्या रस्त्यावर, वर्षातून दोनदा लोणावळ्याला जाणाऱ्याने कंपनीचे हब बदलायचं खरंच काही कारण नाही. सील बघून घ्यावीत, बस्स. पण पहाटे एकटीने गाडी काढणाऱ्या बाईला दिव्यावर विश्वास ठेवायला सांगणं मला पटत नाही.

आणि उतरण्याचा प्रश्न मिस्त्रीने एका वाक्यात निकालात काढला. रोज कशाला उतरायचं? मृगाला लॉक करा, दिवाळीला फ्री करा. टू-व्हीलवर चालवताना हब लॉक राहिले तरी काही बिघडत नाही, थोडं डिझेल जास्त जाईल. वाटेत गरज पडली तर आतून लिव्हर टाकला की झालं. उन्हाळ्यात पाट फुटला तर तेवढ्यापुरतं घरून निघतानाच अंगणात, उजेडात फिरवून घ्यायचं. फक्त कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकायचं नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण गिअरवर येतो.

“म्हंजे जीपवानीच की,” मामा म्हणाले. त्यांचा विरोध तिथेच संपला.

हब पुढच्या आठवड्यात बसले. वहिनीने दोन्ही चकत्यांवर लॉकच्या खुणेला लाल नेलपॉलिश लावलंय, बॅटरीच्या उजेडात लांबूनच कळावं म्हणून. हस्त यंदा जोरात झाला. गाडी एकदा रुतली आणि स्वतःहून निघाली, असं तिने मला व्हॉट्सअॅपवर कळवलं, सोबत चिखलाने माखलेल्या चाकाचा फोटो. जुने हब मामांनी भंगारात दिलेले नाहीत. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत.