न घेतलेले नाव

म्हातारपणी भेटलेला माणूस जन्मतःच म्हातारा असावा, असे आपण धरून चालतो. ऑक्सफर्डच्या इन्स्पेक्टर मोर्सबद्दल माझी तशीच समजूत होती. 1987 पासून 2000 पर्यंत जॉन थॉ या नटाने त्याला दूरचित्रवाणीवर उभे केले. पिकलेले केस, लाल जॅग्वार गाडी, शब्दकोडी, ऑपेरा आणि बिअर! जन्म गेला खुनांचे छडे लावण्यात, पण प्रेत पाहवत नाही. आपले पाळण्यातले नावही गृहस्थ कोणाला सांगत नसे. ते एकदाचे 1997 साली फुटले : एन्डेव्हर. कॅप्टन कुकच्या जहाजाचे नाव!

त्याच नावाने 2012 साली मोर्सच्या तरुणपणाची मालिका आली, आणि 2023 पर्यंत चालली. मी ती नाक मुरडूनच पाहायला बसलो. कळस पाहून झाल्यावर पाया कसला दाखवता? हा पोरगा मरणार नाही, लग्न करणार नाही, हे आधीच ठाऊक. रहस्यकथेचा निम्मा जीव तिथेच गेला. पण पहिल्या भागाच्या शेवटी वरिष्ठ त्याला विचारतात, वीस वर्षांनी तू कुठे असशील? तरुण मोर्स, म्हणजे शॉन इव्हान्स, गाडीच्या आरशात पाहतो, आणि आरशात डोळे दिसतात ते थॉचे. थॉ तर 2002 सालीच गेला होता. माझे मुरडलेले नाक मुकाट्याने सरळ झाले.

खरा जीव गुंतला तो मात्र त्या वरिष्ठात. फ्रेड थर्स्डे त्याचे नाव. काम रॉजर अ‍ॅलमचे. डोक्याला हॅट, तोंडात पाइप, खिशात बायकोने वाराप्रमाणे करून दिलेले सँडविच. मोर्सला पोलिसी विद्या शिकवली ती यानेच, आणि बिअरचा पहिला पेला हाती दिला तोही यानेच.

आणि जुन्या मालिकेच्या 33 भागांत या थर्स्डेचा उल्लेख नाही! कारण साधे आहे. तेव्हा तो कोणाच्या डोक्यातच नव्हता. नव्या मालिकेचा लेखक रसेल लुईस याने ही अडचण झाकली नाही. तिचीच गोष्ट केली. शेवटी थर्स्डेचे एक गुपित मोर्सला कळते. ते पोटात ठेवायचे, तर नावही ओठांवर यायला नको.

हे पाहून मी उठलो तो अस्वस्थ. नोकरीच्या पहिल्याच वर्षी हिशेबात माझी चूक झाली होती. आमच्या हेडक्लार्कनी ती स्वतःच्या अंगावर घेतली, आणि त्यांची बढती हुकली. पस्तीस वर्षांनी माझ्या निरोपसमारंभात मी अर्धा तास बोललो. शिपायापासून साहेबापर्यंत सर्वांची नावे घेतली. त्यांचे घेतले नाही. मोर्स गप्प राहिला तो थर्स्डेसाठी. मी गप्प राहिलो तो माझ्यासाठी.

पूर्वकथा मूळ कथेहून सरस आहे काय? नाही, थॉ तो थॉच. पण परवा जुने भाग पुन्हा पाहिले. मोर्स पेला घेऊन एकटा बसला, की आता मला समोरची रिकामी खुर्ची दिसते.

हेडक्लार्कांचे नाव निदान इथे लिहावे म्हणून हा लेख लिहायला घेतला होता. लेख संपत आला, पण धीर होत नाही.