सरांच्या जागी कोण?

घरातल्या थोरल्या माणसाने किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या हाती द्यावा, हा प्रश्न आम्हां कादंबरीकारांना मोठा सोयीचा. त्याच्यावर कितीतरी कादंबऱ्या उभ्या राहिल्या. माझीही एक त्यांतलीच. पण तीस-तीस वर्षे पोरे घडवणाऱ्या माणसाच्या जागी कुणी उभे राहावे, याचा विचार आम्ही फारसा केलेला नाही. किल्ल्या निदान दिसतात तरी. या माणसाजवळ जे असते ते कमरेचे काढून दुसऱ्याच्या कमरेला खोचता येत नाही.

माझा धाकटा मुलगा बास्केटबॉलचा वेडा. २०२५ च्या मे महिन्यात एके सकाळी तो असा उतरलेल्या चेहऱ्याने चहाला आला, की घरातलेच कुणी आजारी पडले असे वाटावे. अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओ स्पर्स या संघाचे ग्रेग पोपोविच यांनी मुख्य प्रशिक्षकाची जागा सोडली होती. १९९६ पासून हा माणूस त्या जागेवर होता. पाच अजिंक्यपदे, साखळी सामन्यांतले १४२२ विजय. तेवढे दुसऱ्या कुणाच्याही नावावर नव्हते. आदल्या नोव्हेंबरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उरलेला मोसम त्यांच्या हाताखालच्या मिच जॉन्सनने सांभाळला. पुढे जागाही त्यालाच मिळाली. “मोठा खेळाडू असेल,” मी म्हणालो. मुलगा म्हणाला, “नाही हो बाबा! तो एनबीएत कधी खेळलाच नाही. टिम डंकन एवढा मोठा, पण तो एकच मोसम मदतनीस म्हणून बसला.”

माझा चहा गार झाला. कारण मला एकदम आपले शिवाजी पार्क आठवले.

रमाकांत आचरेकर सरांनी स्वतः प्रथम दर्जाचा एकच सामना खेळला. पण त्यांच्या हाताखालून जी पोरे गेली, त्यांची नावे मराठी घरात देवघरातल्या टाकांसारखी पाठ असतात. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवायचे. बाद करील त्याचे नाणे, दिवसभर टिकला तर सचिनचे. एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर त्याला स्कूटरवर बसवून न्यायचे. २ जानेवारी २०१९ रोजी सर गेले. अशा माणसाचा वारस कोण? कुणीही चटकन सचिनचे नाव घेईल. पण त्याने शिकवण्याचा धंदा काही पत्करला नाही.

१९८८ च्या फेब्रुवारीतली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची नाबाद भागी केली. मला मात्र त्या दोघांपेक्षा तंबूत पॅड बांधून बसलेला तिसरा मुलगा अधिक दिसतो. पुढचा फलंदाज तो. त्याची पाळी आलीच नाही. तो अमोल मुझुमदार. पुढे त्याने रणजीच्या पहिल्याच सामन्यात २६० धावा काढल्या, प्रथम दर्जाच्या अकरा हजारांवर धावा केल्या, आणि भारताकडून एकही कसोटी त्याच्या वाट्याला आली नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात तो भारताच्या महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २०२५ च्या विश्वचषकात संघ लागोपाठ तीन सामने हरला, तेव्हा लोकांनी काय काय म्हटले ते आपण ऐकले आहे. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत त्याच पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून चषक उचलला.

दुसऱ्यांची खेळी संपण्याची वाट पाहत, मनात विष न कालवता बसणे ही एक विद्या आहे. ती मोठ्या खेळाडूला शिकायला सवडच मिळत नाही. त्याची पाळी नेहमी चालूच असते.

हे सारे डोक्यात घोळत होते ते उगीच नव्हे. आमच्या राहुरीतही तोच प्रश्न पडला होता. शाळेच्या कबड्डी संघाचे जुने सर यंदा निवृत्त झाले. नावे दोन. एक शाळेचाच जुना विद्यार्थी, राज्य पातळीवर खेळलेला, गावात ज्याचे फलक लागतात असा. दुसरा अकरा वर्षे सरांच्या हाताखाली मैदानावर फक्की मारणारा, पोरांच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधणारा. समितीत मला घेतले होते. कादंबरी लिहितो म्हणजे माणसे ओळखत असेल, असा मुख्याध्यापकांचा समज!

“अहो गुरुजी, हा जिल्ह्याबाहेर तरी खेळलाय का?” समितीतल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारले.

“नाही. पण कोणतं पोर सकाळी उपाशी येतं, ते याला ठाऊक आहे,” मी म्हणालो.

शेवटी सगळे सरांकडे वळले. सर बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मला विचारू नका. मी नाव घेतलं, की तो माझा माणूस ठरेल. मग मुलांचा कधी होणार नाही.” आणि चपला घालून ते चालू लागले. एका मताने फक्कीवाल्याची निवड झाली.

पहिल्याच मोठ्या सामन्यात संघ हरला. आता चहाच्या टपरीवर रोज दुसऱ्याचे नाव निघते. मला स्वतःला वाटते, दोन वर्षे तरी कुणी बोलू नये. पण गावाला एवढा दम कुठला!

परवा बाजारात सर भेटले. पिशवीत मेथीची जुडी. सुटल्यापासून त्यांनी मैदानाच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलेले नाही, हे मला ठाऊक होते. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, “पोरं वेळेवर येतात ना?”

“साडेपाचलाच,” मी म्हणालो.

“थंडीत सहाला बोलवायला सांगा त्याला,” सर म्हणाले, आणि लगेच, “नको, राहू द्या. त्याचं तो बघेल,” असे म्हणून कांदे निवडायला वाकले.